मदत हवी आहे: मावसभावाची ‘कुत्ता गोळी’ कशी सोडवावी?

माझा मावसभाऊ मालेगावात यंत्रमागावर रात्रपाळी करतो. वर्षभर ‘कुत्ता गोळी’ घेतोय, म्हणजे अल्प्राझोलम. डॉक्टर चिंतेवर लिहून देतात तीच. आता वर दारूही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, म्हणून आमचा जीव टांगणीला. काका म्हणतात, खोलीत कोंडा, चार दिवसांत सुटेल. पण ही गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो. काकांना कोण सांगणार!

नाशिक-धुळ्याकडे मनोविकारतज्ज्ञ असलेलं व्यसनमुक्ती केंद्र कुणाला अनुभवाने माहीत आहे का? पुण्याचं मुक्तांगण ऐकून आहे, पण तो तिकडे जायला तयार नाही. आणि १४४४६ या हेल्पलाइनवर कुणी घरच्यांनी फोन केलाय का? काय विचारतात?