जॉन हर्ट हरवला नव्हता हो!

गिटारवेडा: काल एकाने लिहिलं, अमेरिकन गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट ३५ वर्षं हरवला होता आणि १९६३ ला लोकसंगीताचा अभ्यासक टॉम हॉस्किन्सने शोधून त्याचं करिअर घडवलं. डोकंच फिरलं. अहो तो मिसिसिपीतल्या आपल्या ॲव्हलॉन गावातच होता, शेतात राबत होता, गुरं राखत होता. १९२८ ला ओके या रेकॉर्ड कंपनीने मेम्फिस नि न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग केलं, रेकॉर्डी खपल्या नाहीत, वर मंदी आली, कंपनीने परत ढुंकून बघितलं नाही. यात हरवला कुठे तो?

मुकुंद_ठाणे: पण हॉस्किन्स गेला नसता तर आज तुम्ही हे नाव घेतलं असतं का? हर्टच्या जुन्या गाण्यात ॲव्हलॉनचं नाव आलं, तेवढ्यावरून हॉस्किन्स तिथवर पोचला. श्रेय द्या की.

सावनी: मुळात हा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ते दुःखाचं गाणं, आहे का? ब्लूज म्हणजे सन हाउससारखा गायक, काळीज फाटतं ऐकताना. हर्ट तर नातवाला झोपवतोय असं गातो.

गिटारवेडा: सावनीताई, वाजवून बघितलंय? अंगठा खालच्या सुरांवर घड्याळासारखा आलटून पालटून चालू ठेवायचा आणि त्याच वेळी दोन बोटांनी वर चाल वाजवायची. माझ्या क्लासच्या सरांनी दोन वर्षं नुसती पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) धरायला लावली, अंगठा वेगळा चालतो हे सांगितलंच नाही. नंतर घरी सहा महिने घासलं तेव्हा कुठे चार ओळी आल्या, त्यापण अडखळत.

सावनी: अवघड आहे म्हणून ब्लूज होत नाही ना. तुमच्या सरांचा राग माझ्यावर का काढताय?

गिटारवेडा: राग नाही. पण दुःख ओरडूनच सांगावं असा नियम कुणी केला?

मुकुंद_ठाणे: माझे आजोबा भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवायचे. गावाला माहीत होते, हरवले नव्हते. गेल्यावर एक कॅसेटसुद्धा नाही निघाली हो घरात. आमच्याकडे कुणी हॉस्किन्स आला नाही.

गिटारवेडा: मुकुंदराव, हे लागलं. बरं, तो गेला ते चांगलं झालं, एवढं मानतो. पण ‘करिअर घडवलं’ नाही मानणार. हात १९२८ लाच तयार होते, त्या रेकॉर्डी ऐका. १९६३ लाच न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात सत्तरीचा माणूस बसून वाजवतो आणि २ नोव्हेंबर १९६६ ला जातो. जेमतेम तीन वर्षं मिळाली. मधली ३५ कुणी खाल्ली ते बोला.

सावनी: त्यावर वाद नाही. कंपनीनेच खाल्ली. ब्लूज मात्र नाही म्हणजे नाही.