मदत हवी आहे: ब्रूस ली खरा किती लढला?

नमस्कार मंडळी. मी कराटेच्या वर्गात लहान मुलांना शिकवतो. परवा एका मुलाने मोबाईलवर ब्रूस ली नानचाकूने (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांनी) टेबल टेनिस खेळतानाचा व्हिडिओ दाखवला. तो २००८ची मोबाईलची जाहिरात आहे, ली १९७३ मध्येच गेला, असं सांगितल्यावर पोराचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, "मग सगळंच खोटं का, सर?"

सगळं खोटं नाही, हेच त्याला पुराव्यानिशी दाखवायचंय. १९५८ मध्ये हाँगकाँगची आंतरशालेय बॉक्सिंग स्पर्धा त्याने जिंकली. १९६४ मध्ये अमेरिकेत लाँग बीचला एक इंचाचा ठोसा (जेमतेम एक इंच अंतरावरून मारलेला) आणि दोन बोटांवरचे जोर लोकांसमोर करून दाखवले. पण ती प्रात्यक्षिकं होती, लढत नव्हे. व्यावसायिक लढतींची नोंद तर त्याच्या नावावर नाहीच.

माझं घोडं अडलंय ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या लढतीपाशी. १९६४ मध्येच बंद दाराआड वाँग जॅक मॅन या कुंग फू लढवय्याशी झालेली. लीची पत्नी लिंडा म्हणते, तीन मिनिटांत निकाल. वाँगच्या मते वीसेक मिनिटं चालली, आणि निकाल लागलाच नाही. ली स्वतःच्या दमछाकीवर नाराज झाला, त्यातूनच पुढे जीत कुन दो ही त्याची स्वतःची लढण्याची पद्धत घडली. मला हा भाग विजयापेक्षा मोलाचा वाटतो.

वाँगने आपली बाजू सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वर्तमानपत्रात छापली होती. तिकडे राहणाऱ्या कुणी तो मजकूर किंवा त्याचं भाषांतर वाचलंय का? कुठल्या ग्रंथालयात मिळेल? आणि दहा वर्षांच्या मुलांना हे कसं सांगावं, शिक्षकांनी जरूर सुचवा.