नेब्रास्काच्या फुटबॉलप्रेमींनी आणखी किती धीर धरायचा?

लिंकनकर (धागाकर्ता)

नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच म्हणून मॅट रूल यांचे तीन हंगाम संपले. हिशेब: 19 विजय, 19 पराभव. 2015 ते 2017 या तीन हंगामांत पूर्वीचे कोच माइक रायली यांचाही हिशेब नेमका 19-19 होता, आणि त्यांना आपण घरी पाठवलं. रूल यांना मात्र 2032 पर्यंतचा करार मिळाला, तोही हंगाम चालू असताना.

जे अमेरिकन कॉलेज फुटबॉल नेमाने पाहत नाहीत त्यांच्यासाठी पार्श्वभूमी. ऑक्टोबर 2025 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाने स्वतःचे कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. रूल पेन स्टेटचेच माजी खेळाडू, त्यामुळे ते तिकडे जाणार अशी आवई उठली. 30 ऑक्टोबरला आपल्या विद्यापीठाने घाईघाईने करार वाढवून दिला. त्या दिवशी संघ 6-2 वर (सहा विजय, दोन पराभव) होता. त्यानंतरच्या पाच सामन्यांत एक विजय. यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) 21-17 ने हरवलं. ज्यांच्या धास्तीने करार वाढवला त्या पेन स्टेटने 37-10 ने हरवलं. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आयोवाने आपल्याच मैदानावर 40-16 ने लोळवलं, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी लास वेगासमध्ये युटाने 44-22 ने.

मला सगळ्यात जास्त झोंबलं ते आयोवाचं. 2023 मध्ये त्यांच्याकडून 13-10, 2024 मध्येही 13-10, दोन्ही वेळा अगदी शेवटच्या किकवर. तेव्हा आपण म्हणालो, फरक फक्त एका किकचा आहे, पुढच्या वर्षी भरून काढू. पुढच्या वर्षी फरक 24 गुणांचा झाला.

आणि ते 'तिसरं वर्ष', ज्यात रूल यांचा संघ झेप घेतो म्हणायचे! आधी टेंपल विद्यापीठात रूल यांचं पहिलं वर्ष 2-10, दुसरं 6-6, तिसरं 10-4. बेलरमध्ये 1-11, 7-6, मग 11-3. हे आकडे आपल्या विद्यापीठाच्या लिंकन शहरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. इथे आपलं तिसरं वर्ष 7-6 निघालं, म्हणजे जिथे दुसरं संपलं तिथेच.

रूल यांना आज काढा असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप वरच्या लोकांवर आहे. ते कामगिरी पाहून करार करत नाहीत, कोच जाईल या भीतीने करतात. नोव्हेंबर 2019 मध्ये रायलींनंतरचे कोच स्कॉट फ्रॉस्ट यांचा संघ 4-5 वर असताना त्यांनाही अशीच दोन वर्षांची वाढ दिली होती. पुढे त्यांना काढताना दीड कोटी डॉलर मोजावे लागले. तीन आठवडे थांबले असते तर ती रक्कम निम्म्यावर आली असती, पण जॉर्जिया सदर्नकडून घरात 45-42 ने हरल्यावर तेवढंही थांबवेना. देताना घाई, काढताना घाई. तुम्हाला काय वाटतं?

जुना हस्कर

लिंकनकर, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही.

मी ऐंशीच्या दशकात इथे एमएस करायला आलो तेव्हा टॉम ऑसबोर्न कोच होते. आज त्यांच्या नावाने मैदान आहे, पण तेव्हा त्यांच्याबद्दल काय बोललं जायचं ते मी ऐकलंय. 1973 ला सूत्रं हाती घेतली आणि पहिली पाच वर्षं जुन्या प्रतिस्पर्ध्याला, ओक्लाहोमाला, हरवता आलं नाही. 1978 ला हरवलं. राष्ट्रीय विजेतेपद यायला 1994 उजाडलं. बावीसावा हंगाम! मग 1995 आणि 1997 ला पुन्हा. ओक्लाहोमाकडून झालेल्या चौथ्या पराभवानंतर त्यांना काढलं असतं तर यातलं काही झालं नसतं.

उलट आपण उतावीळ झालो तेव्हा काय झालं? 2003 मध्ये फ्रँक सोलिच यांना 9-3 च्या हंगामानंतर काढलं. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. त्यांच्या जागी आलेल्या बिल कॅलाहन यांनी पहिल्याच वर्षी 5-6 केलं, 1961 नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. 2014 मध्ये बो पेलिनी यांना काढलं, तेही 9-3 वर असताना. 2017 पासून 2023 पर्यंत मग सलग सात वर्षं विजयांपेक्षा पराभव जास्त. हा खड्डा आपणच खणलाय. रूल आले तेव्हा संघ 4-8 होता. 5-7, 7-6, 7-6. हळू आहे, पण वरच चाललंय. 2016 नंतरचा पहिला बोल सामना (नियमित हंगामानंतरचा मानाचा सामना) त्यांनी खेळवला आणि बोस्टन कॉलेजला 20-15 हरवून जिंकला.

नागपूरची लेक

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ऑसबोर्न यांचा दाखला इथे लागू पडत नाही. त्यांच्या पंचवीस वर्षांत एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. लोक थांबले ते जिंकणाऱ्या माणसासाठी. आपल्याला थांबायला सांगितलं जातंय ते सात विजयांवर.

2016 मध्ये ऑरेगनला हरवल्यानंतर नेब्रास्काने क्रमवारीतल्या पहिल्या पंचविसातला एकही संघ हरवलेला नाही. मी इथे पदवीच्या पहिल्या वर्षाला आले तेव्हापासून आजतागायत असा एकही विजय पाहिलेला नाही. माझ्याबरोबरच्या ज्या मुलींचं बालपण या राज्यात गेलं त्यांनी तो शाळेत असताना पाहिला.

आणि इंडियाना? फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त पराभव नावावर असलेलं विद्यापीठ म्हणून ज्यांचं नाव घेतलं जायचं ते. कर्ट सिग्नेटी तिथे आले आणि पहिल्याच वर्षी 11-2. त्याच वर्षी त्यांनी आपल्याला 56-7 ने हरवलं. दुसऱ्या वर्षी 16-0 आणि राष्ट्रीय विजेतेपद. दोन वर्षांत! आता खेळाडू हवं तेव्हा विद्यापीठ बदलू शकतात, त्यामुळे संघ एका हिवाळ्यात उभा राहतो. 1978 चं गणित 2026 ला चालणार नाही.

ओमाहाचे आप्पा

इंडियानाचं उदाहरण सगळे देतात, ते अर्धंच सांगतात. सिग्नेटी येताना जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले अनेक खेळाडू बरोबर घेऊन आले. सहायक कोचही वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर असलेले. रूल नेब्रास्कात आले ते एनएफएल या व्यावसायिक लीगमधून, तिथल्या कॅरोलायना पँथर्स संघाने काढल्यावर. बरोबर आणायला कॉलेजचा संघ नव्हताच.

मूळ अडचण कोचपेक्षा मोठी आहे. राज्याची लोकसंख्या सुमारे वीस लाख, पुणे शहरापेक्षाही कमी. चांगले खेळाडू बाहेरूनच आणावे लागतात, आणि ते पूर्वी टेक्ससमधून यायचे, कारण बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या गटात असताना दरवर्षी टेक्ससमध्ये सामने असायचे. 2011 ला आपण बिग टेन गटात गेलो आणि ती वाट बुजली. पैसे वाढले, मुलं आटली. ऑसबोर्न यांची ताकद म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय येणारी गावाकडची मुलं. शेतावर वाढलेली, तीन-तीन वर्षं व्यायामशाळेत घाम गाळून मग लाइनमध्ये, म्हणजे पुढच्या फळीत, उभी राहणारी. आज मुलाला दुसरीकडे रोख पैसे मिळत असतील तर तो तीन वर्षं कशाला थांबेल? 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात, पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्यावर प्रायोजकांचे वेगळे.

म्हणून मी म्हणतो, कोच बदलून काही होत नाही. सोलिच, कॅलाहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट, रूल. सहा माणसं, सहा स्वभाव, सहा पद्धती. फ्रॉस्ट तर 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू), याच राज्यातला, सेंट्रल फ्लोरिडाला 13-0 करून आलेला. त्याच्याहून चांगली निवड कागदावर शक्यच नव्हती. इथे 16-31.

लिंकनकर

आप्पा, फ्रॉस्टचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. 2021 चा हंगाम आठवा: 3-9, आणि नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी. लोकसंख्येमुळे हरणारा संघ असा हरत नाही. तो चाळीस गुणांनी हरतो. मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटची चार मिनिटं उरलेली, सात गुणांची आघाडी, आणि पंट (चेंडू लांब मारून समोरच्यांना देण्याची किक) भलत्या बाजूला गेला. सगळे बचावपटू एकीकडे, चेंडू दुसरीकडे, समोरचा सरळ धावत गेला. ओव्हरटाइममध्ये 23-20 ने हरलो. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 वर पुढे असताना ऑनसाइड किकचा (मुद्दाम आखूड किक मारून चेंडू परत मिळवण्याचा) जुगार, आणि 31-28 ने पराभव. हे टेक्ससच्या मुलांअभावी झालं का? हे शिकवण्यातलं आणि निर्णयातलं अपयश होतं.

रूल यांच्याबाबतीत तीच जागा म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी. क्वार्टरबॅकला चेंडू टाकायच्या आत आडवा करतात त्याला सॅक म्हणतात. गेल्या हंगामात मिशिगनने आपल्याविरुद्ध सात केले, मिनेसोटाने नऊ. नऊ! एवढे होऊनही पुढचे सामने तशाच लाइनने खेळलो. यूएससीविरुद्ध आपल्या क्वार्टरबॅकचा, डिलन रायोलाचा, पाय मोडला, हंगाम संपला, आणि आता तो ऑरेगनला निघून गेला. विसाव्या वर्षी एखाद्याने इतका मार खाल्ला तर तो का थांबेल? त्याला दोष देणारे बरेच भेटतात. मी देत नाही.

कॉर्नफिल्ड

रायोलाला दोष द्यायचा नाही हे मान्य. पण चेंडू घेऊन धावणाऱ्या एमेट जॉन्सनचं कोणीच नाव घेत नाही. त्याच लाइनच्या मागे त्याने 1,451 यार्ड काढले, अख्ख्या बिग टेनमध्ये सर्वाधिक. लाइन धावण्यासाठी रस्ता काढत होती, पास टाकताना कोसळत होती. मग इतके पास का टाकायचे? हा प्रश्न लाइनच्या कोचला नाही, डावपेच ठरवणाऱ्यांना विचारा.

जुना हस्कर

हे मात्र अगदी खरं. थंडी पडल्यावर या राज्यात चेंडू हातात धरून धावायचं असतं.

नागपूरची लेक

आप्पा, लोकसंख्येच्या मुद्द्यावर परत येते, कारण तो मला मनापासून पटत नाही. याच विद्यापीठात, याच वीस लाखांच्या राज्यात महिलांचा व्हॉलीबॉल संघ आहे. पाच राष्ट्रीय विजेतेपदं. 30 ऑगस्ट 2023 ला फुटबॉलच्याच मेमोरियल स्टेडियमच्या मधोमध कोर्ट घालून सामना खेळवला तेव्हा 92,003 लोक आले होते. त्यांचे खेळाडू कुठून येतात? त्याही बाहेरून येतात, गोठवणाऱ्या थंडीत येतात, कारण इथे आलं की खेळ सुधारतो याची खात्री असते. 2025 मध्ये एकही सामना न हरता त्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यापर्यंत पोचल्या, तिथे पाच सेटमध्ये हरल्या, आणि गावात लोक हळहळले. फुटबॉल हरला की लोक आता हळहळतही नाहीत, टीव्ही बंद करतात. मला त्याची जास्त काळजी वाटते.

ओमाहाचे आप्पा

ताई, व्हॉलीबॉलच्या मुलींचं कौतुक मलाही आहे, आमच्या घरी दोन्ही बघतात. पण मोजमाप वेगळं आहे. तिथे चांगल्या सहा-सात मुली मिळाल्या की संघ उभा राहतो. फुटबॉलला नुसत्या शिष्यवृत्तीची पंच्याऐंशी मुलं लागायची, आता मर्यादा त्याहूनही वर गेली आहे. आणि ओहायो स्टेटसारख्यांच्या तिजोरीशी सामना.

लिंकनकर

मग मूळ प्रश्न असा उरतो की आपल्यासारख्यांनी करायचं काय. 1962 पासून मेमोरियल स्टेडियमचा प्रत्येक सामना हाउसफुल्ल आहे. सलग चारशेच्या वर सामने. 2021 मध्ये तर उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना दिली. मुलांना सामना बघायला मिळाला याचा आनंद आहे. पण साठ वर्षं मैदान भरलेलंच राहणार असेल तर वरच्या मंडळींना प्रेक्षकांचा राग कळणार कसा? मी पुढच्या हंगामाची तिकिटं घेणार नाही. फुकट मिळाली तरी जाणार नाही.

जुना हस्कर

हे करू नका. हात जोडून सांगतो.

रिकामी खुर्ची अधिकाऱ्याला दिसत नाही, तो काचेमागे बसलेला असतो. ती दिसते मैदानावरच्या अठरा वर्षांच्या पोराला. या राज्यात एनएफएलचा संघ नाही. शनिवारी पाच-सहा तासांचं अंतर कापून पॅनहँडलमधून, राज्याच्या पश्चिम टोकाहून, लोक लाल कपडे घालून येतात. आम्ही नवीन आलो तेव्हा शेजाऱ्यांशी बोलायला दुसरा विषय नव्हता. माझ्या मुलांचे पहिले मित्र याच स्टँडमध्ये झाले. कॅलाहनच्या काळात कॅन्ससने 76-39 ने हरवलं, त्याच्या पुढच्या शनिवारीही स्टेडियम भरलं होतं. राग दाखवायचा तर पत्रं लिहा, देणगी थांबवा, रीजंट्सच्या निवडणुकीत मत द्या. विद्यापीठाचं मंडळ इथे लोक निवडून देतात, हे किती जणांना माहीत आहे?

नागपूरची लेक

रीजंट्सच्या निवडणुकीचं खरंच माहीत नव्हतं. पण काका, माझ्याकडे मत नाही. मी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आहे, आणि या धाग्यावरचे निम्मे लोक एच-1 वर असतील. आमच्याकडे फक्त तिकीट आहे, घ्यायचं किंवा न घ्यायचं.

लिंकनकर

हेच म्हणतोय मी. जुना हस्कर, तुमची आठ तिकिटं आहेत ना? दोन सोडून बघा एका वर्षासाठी. मैदान भरलेलंच राहील, पण हिशेबाच्या वहीत कोणाला तरी ती दोन दिसतील.

जुना हस्कर

नाही सोडणार. त्यातली दोन आता नातवंडांची आहेत. सप्टेंबरमध्ये या, तुमच्यासाठी एक जागा करतो. भांडू तिथेच.