शब्दचर्चा : ‘द डार्क नाइट’मधला पेच – धर्मसंकट, शृंगापत्ती की नुसती कोंडी?

प्रश्न

ख्रिस्तोफर नोलनच्या ‘द डार्क नाइट’वर (२००८) लेख लिहिते आहे. शेवटाकडचा दोन फेरीबोटींचा प्रसंग सांगताना ‘धर्मसंकट’ हा शब्द लिहिला आणि तिथेच अडले. एका बोटीत गॉथम शहरातले सामान्य नागरिक, दुसरीत तुरुंगातले कैदी. दोन्ही बोटींत स्फोटकं भरलेली, आणि प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणीच ते दाबलं नाही तर खलनायक जोकर दोन्ही बोटी उडवणार. याला धर्मसंकट म्हणता येईल का? पेच, कोंडी, शृंगापत्ती, ‘इकडे आड तिकडे विहीर’ असेही पर्याय सुचले. छटा कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

धर्मसंकट नको. त्या शब्दाला दोन्हीकडे धर्म लागतो. दोन कर्तव्यं, दोन्ही खरी, आणि एक पाळलं की दुसरं मोडतं. कर्णपर्वात याचं फार स्वच्छ उदाहरण आहे. ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असं जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. कर्णाकडून घायाळ होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर रागाच्या भरात नेमकं तेच बोलतो. प्रतिज्ञा पाळावी तर थोरल्या भावाची हत्या, न पाळावी तर वचनभंग. कृष्ण वाट काढतो : थोरल्याला ‘तू’ म्हणून त्याचा अपमान करणं हाच त्याचा वध, तेवढं कर. त्याच प्रसंगी तो कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्य सोडायचं नाही म्हणून या तपस्व्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगितला, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला.

आता बोटीतल्या नागरिकांकडे पाहा. त्यांच्यासमोर दोन कर्तव्यं नाहीत. एकीकडे स्वतःचा जीव आणि दुसरीकडे परक्यांचा. ‘ते गुन्हेगार आहेत, त्यांनी त्यांची संधी वाया घालवली’ हा युक्तिवाद भीतीला कर्तव्याचे कपडे घालतो. नागरिक चिठ्ठ्यांनी मतदान घेतात आणि बहुमत बटण दाबण्याच्या बाजूने पडतं. बहुमताने ठरलं म्हणून ते कर्तव्य होत नाही, आणि हे त्यांनाही आतून ठाऊक आहे. म्हणून तर एक गृहस्थ पुढे येऊन बटण हातात घेतो आणि न दाबताच ठेवून देतो. ही कोंडी आहे, भयाने केलेली. मी ‘पेच’ लिहीन, कारण पेच टाकणारा कुणीतरी असतो, आणि इथे जोकरने तो टाकला आहे. ‘इकडे आड तिकडे विहीर’मध्ये हा टाकणारा दिसत नाही.

प्रतिसाद

शृंगापत्तीबद्दल थोडं. हा तर्कशास्त्रातला शब्द : दोन शिंगं, आणि कुठल्या तरी एकावर तुम्ही सापडणारच. पण दोन शिंगांच्या मधून निसटता येतं, हेही तर्कशास्त्रच सांगतं. जोकरची मांडणी ‘मारा नाहीतर मरा’ अशी आहे. एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून ते बटण मागून घेतो. सगळ्यांना वाटतं, आता हा दाबणार. तो ते खिडकीतून पाण्यात फेकतो. मरण टळेल याची त्याला काहीच खात्री नाही, पण मारणारे आपण नसू एवढं तो पक्कं करतो. मांडणीच नाकारणारी ही कृती लेखात दाखवायची असेल तर शृंगापत्ती हाच शब्द नेमका.

प्रतिसाद

पहिल्या प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत. धर्मसंकट कुणाचं, हे आधी विचारा. प्रवाशांचं नसेल, पण बोटीवरच्या अधिकाऱ्यांचं आहे. आपल्या बोटीतल्या माणसांना वाचवणं हे त्यांच्या पदाचं कर्तव्य, आणि समोरच्या बोटीतल्यांना न मारणं हेही कर्तव्यच. तेव्हा प्रसंग एकच असून शब्द माणसागणिक बदलेल.

प्रश्नकर्ती

हे पटलं. मग बॅटमॅनचं काय? त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती रेचल आणि शहराचा सरकारी वकील हार्वी डेंट दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले आहेत आणि वेळ एकालाच वाचवण्यापुरता आहे. तिथे तरी धर्मसंकट?

प्रतिसाद

परिस्थिती धर्मसंकटाची आहे, पण बॅटमॅनला ते पडत नाही. शहराची आशा डेंटवर असूनही, पोलीस अधिकारी गॉर्डनने ‘कुणाकडे जातोस?’ असं विचारताच तो क्षणाचाही विचार न करता रेचलचं नाव घेतो. संकट पडायला मन दोन्हीकडे ओढलं जावं लागतं. इथे मोह आहे, आणि मोह हा शब्द मी दूषण म्हणून वापरत नाही. जोकरने पत्ते उलटे सांगितलेले असतात, त्यामुळे वाचतो डेंट.

खरं धर्मसंकट बॅटमॅनची कंपनी चालवणाऱ्या लुशियस फॉक्सचं. शहरातल्या प्रत्येक फोनला कान फुटतील अशी यंत्रणा बॅटमॅन उभारतो आणि फॉक्सला ती चालवायला सांगतो. जोकरला पकडणं कर्तव्य, लाखो लोकांचं खासगी बोलणं न ऐकणं हेही कर्तव्य. फॉक्स या एका वेळेपुरतं काम करतो, पण यंत्र कंपनीत राहिलं तर मी राहणार नाही असं बजावून. शेवटी आपलं नाव टाइप करून तो यंत्र नष्ट करतो. एकदाच केलं म्हणून ते निर्दोष ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण ‘आपद्धर्म’ हा शब्द इथे चपखल बसतो : संकटापुरता, आणि संकट सरताच सोडून द्यायचा.

प्रतिसाद

शेवटी गॉर्डन डेंटबद्दल जे खोटं सांगतो त्याला मी ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणार होतो, पण तेही जुळत नाही. युधिष्ठिर अर्धसत्य बोलला आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला. बोलणाऱ्यानेच किंमत मोजली. इथे सत्य अर्धंही नाही. रेचलच्या मृत्यूनंतर सूडाने पेटलेल्या डेंटने केलेले खून बॅटमॅन स्वतःच्या माथी घेतो, आणि गॉर्डन ते जगाला सांगतो.

प्रश्नकर्ती

त्याला ‘लोकसंग्रह’ म्हणावं का? लोकांचा धीर सुटू नये म्हणूनच केलं ना?

प्रतिसाद

हेतू तोच, पण शब्द चुकेल. गीतेतला लोकसंग्रह स्वतःच्या आचरणातून लोकांना मार्गावर ठेवतो. श्रेष्ठ जसं वागतो तसे इतर वागतात. लोकांपासून सत्य लपवून त्यांना सांभाळणं म्हणजे त्यांना अजाण ठरवणं, आणि तेही नुकतंच बोटींवरच्या लोकांनी बटण न दाबून दाखवल्यावर! पुढच्या चित्रपटात (२०१२) याच असत्यावर कडक कायदा उभा राहिलेला दिसतो, आणि सत्य सांगणारं भाषण लिहूनही गॉर्डन ते वाचत नाही. लेखात ‘लोकहितासाठी केलेली फसवणूक’ असं सरळ लिहा. ‘लोकहित’ आणि ‘फसवणूक’ दोन्ही शब्द राहू द्या.