किंचाळायचंच होतं तर पिक्चर कशाला लावलात?

गिरगावकर_मामा
रविवारी भाचीला घेऊन 'न्यू मून' पाहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हॅम्पायर एडवर्ड बेलाला 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून सोडून जातो, ती झुरते, जेकब तिला सावरतो आणि तो निघतो लांडगा. अंधेरीचं मल्टिप्लेक्स, हाउसफुल्ल, बहुतेक सगळ्या कॉलेजच्या पोरी. राष्ट्रगीताला शिस्तीत उभ्या राहिल्या. ते संपलं आणि जी किंकाळी उठली ती शेवटपर्यंत काही खाली बसली नाही. एडवर्ड पार्किंगमधून स्लो मोशनमध्ये चालत आला, किंकाळी. बेला बाइकवरून पडली, तिच्या कपाळाचं रक्त पुसायला जेकबने टी-शर्ट काढला आणि पुढे ती दोघं काय बोलली ते मला अजून कळलेलं नाही. त्यात इंटरव्हल! इंग्रजी पिक्चरला मुळात तो नसतो, आपले लोक कुठेही कापतात. तेव्हा पोरींनी जो शिमगा केला, त्यात मात्र मीही सामील होतो.

दोनशे रुपये मीही मोजलेत. मला संवाद ऐकू यायला नकोत का?

सौ_तिखट
मामा, माटुंग्याला अरोरात रजनीकांतचा पिक्चर लागला की कटआउटला दुधाचा अभिषेक होतो. मराठा मंदिरात १९९५ पासून एकच पिक्चर चालू आहे, लोक शाहरुखच्या आधी त्याचे डायलॉग म्हणतात. त्याला आपण 'मुंबईचं सिनेमाप्रेम' म्हणतो, कौतुकाने लेख लिहितो. सोळा वर्षांच्या मुली ओरडल्या की लगेच 'संवाद ऐकू आले नाहीत'. शिट्टी मारणारे पुरुष म्हणजे रसिक आणि किंचाळणाऱ्या मुली म्हणजे उच्छाद, असं आहे होय?

शिवाजीमंदिर_पहिली_रांग
ताई, प्रश्न बाईपुरुषाचा नाहीच. नाटकात नट टाळी घेतो. हशा ओसरेपर्यंत थांबतो, मग पुढचं वाक्य टाकतो. संगीत नाटकात वन्समोअर आला तर अख्खं पद पुन्हा. पडद्यावरचा एडवर्ड कुणासाठी थांबत नाही, रीळ पुढे सरकतच राहतं. म्हणून नाटकातली दाद खेळाला साथ देते आणि थिएटरमधली त्यावर पाणी ओतते. रजनीकांतच्या वेळीही माझं मत हेच.

सौ_तिखट
रीळ थांबत नाही, मान्य. पण दिग्दर्शक थांबतो! ख्रिस वाइट्झने ती पार्किंगची चाल उगाच संथ केली का? केस उडतायत, संवाद शून्य. आपल्याकडे हिरोच्या एंट्रीला शिट्ट्यांसाठी जागा सोडतात ना, तशीच ही सोडलीय. पोरींना ती बरोबर कळली. तुमच्या बालगंधर्वांच्या वेळीही पदं पाठ असणारेच वन्समोअर देत होते, आणि या पोरींना तर पिक्चरचं मूळ पुस्तक पाठ आहे.

कोकणातला_खवीस
विषयांतर करतो, क्षमस्व. एडवर्ड १९१८ च्या फ्लूच्या साथीत, १७ व्या वर्षी, अविवाहित अवस्थेत गेला (म्हणजे व्हॅम्पायर झाला). मग आमच्याकडे त्याला मुंजा म्हणतात! फक्त पिंपळाऐवजी व्होल्वो. आणि मुंजाची अडचण एकच, लग्न राहून गेलेलं. पिक्चर कुठे संपतो? 'माझ्याशी लग्न कर' वर. आमच्या आजीने पहिल्याच रिळात ओळखला असता आणि दारात लिंबू-मिरची टांगली असती.

मधल्या_रांगेतला
खवीसराव 😂 पण जेकबबद्दल एक खुपतं. तो करणारा टेलर लॉटनर फेब्रुवारी १९९२ चा, म्हणजे पिक्चर आला तेव्हा (२००९) १७ वर्षांचा. माझ्या शोला चाळिशीतल्या बायकाही त्याच्या उघड्या अंगावर किंचाळत होत्या. उलट करून बघा. १७ वर्षांची नटी आणि चाळिशीचे काके. सौ_तिखट, तेव्हाही 'जागा सोडलीय' म्हणाल?

सौ_तिखट
नाही म्हणणार. चाळिशीच्या बायकांची वकिली मी करत नाही, आणि मी स्वतः बेचाळिशीची आहे, म्हणून जास्तच लाज वाटली. पण त्याच्याच वयाच्या मुलींचं काय? मुलीने कुणाकडे बघून खुशाल 'आवडला' असं मोठ्याने म्हणावं, अशा किती जागा आहेत या शहरात? लोकलच्या लेडीज डब्यातसुद्धा कुजबुजावं लागतं. तीन तास अंधारात मिळाले, ओरडल्या.

गिरगावकर_मामा
तीन नाही, दोन तास दहा मिनिटं. मला प्रत्येक मिनिट माहीत आहे.

रुइयावाली_एस_वाय
मी अशाच एका शोला होते, ओरडतही होते, सॉरी मामा. पण तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही. एडवर्ड गेल्यावर बेला खिडकीशी खुर्चीत बसून राहते, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो आणि नुसती नावं येतात: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. पुस्तकात त्या जागी पानंच कोरी आहेत, वर फक्त महिना. आमच्या हॉलमध्ये तेव्हा पॉपकॉर्नचाही आवाज नव्हता. माझ्या शेजारची, मला अनोळखी, माझा हात धरून होती. तुमच्या शोला काय झालं तेव्हा?

शिवाजीमंदिर_पहिली_रांग
याचं उत्तर द्या मामा.

गिरगावकर_मामा
शांत होत्या. हो.

पण त्या शांततेत कुणाचा तरी फोन वाजला. तो माझा होता. चार रांगांनी वळून 'शूऽऽऽ' केलं, भाचीने तर ओळखच दाखवली नाही.

कोकणातला_खवीस
रिंगटोन कोणता होता ते लिहा, मग निकाल देऊ.

गिरगावकर_मामा
'सुखकर्ता दुःखहर्ता'.