बंद मॉडेलची रिकंबंट: आधी फ्रेम बघा

रिकंबंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. तिचं बंद झालेलं मॉडेल जुनं विकत घेताना ‘कंपनीने मॉडेल बंद केलंय, पुण्यात पार्ट कुठून आणायचे?’ ही शंका रास्त आहे, पण चेन, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), ब्रेक हे बहुतेक रिकंबंटना नेहमीच्या सायकलींचेच चालतात. अडतं ते फ्रेम, सरकता बूम (पुढे पेडल धरणारी नळी) आणि सीटचे ब्रॅकेट यांच्यापाशी. बूम मोकळा करून क्लॅम्पच्या खाचेचं टोक पुसून बघा. केसाएवढी जरी चीर दिसली तरी घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम असेल तर नुसत्या वेल्डिंगने भागत नाही. उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो.

पुढचं चाक 20 इंची असलं तरी टायरवर 406 आहे की 451 (रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये), ते वाचा. दोन्ही 20 इंचीच म्हणवतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. 406 बीएमएक्स (स्टंटच्या) आणि फोल्डिंग सायकलींमुळे सहज मिळतो, 451 साठी वणवण होते.

चेन नेहमीच्या अडीच-तीन पट लांब, म्हणजे बदलायची तर तीन पाकिटांचा खर्च धरा. 24 कड्या नव्या चेनमध्ये 304.8 मिमी भरतात. 307 च्या पुढे गेल्या असतील तर चेन संपली. आयडलर (लांब चेनला वाट दाखवणारी पुली) हाताने फिरवा. खरखर असेल तर बेअरिंगवरचा नंबर बघून दुसरं घालता येतं, दात झिजले असतील तर मात्र त्याच मापाचा आयडलर शोधावा लागेल.

ट्रायल सपाट रस्त्यावर नको, कात्रजच्या जुन्या घाटात घ्या. रिकंबंटवर उभं राहून पेडल मारता येत नाही, त्यामुळे सगळ्यात हलका गिअर पुरतो का, ते तिथेच कळेल.