आरसी विमान (रिमोटवर उडणारं छोटं मॉडेल) उडवणाऱ्याला पायलट म्हणायचं का?

केप्याचा_मामा
रविवारी भाचा सड्यावर (डोंगरमाथ्यावरचं मोकळं पठार) आला होता, सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करतोय, दोनशे तासांपैकी दीडशे झालेत. म्हणाला मामा द्या इकडे रिमोट, मी सेसना, म्हणजे खरं छोटं विमान, उडवतो तर हे काय. पहिला राउंड झकास. मग विमान वळून तोंडासमोर आलं, उजवीकडचा पंख खाली दिसला म्हणून त्याने स्टिक डावीकडे दाबली, पंख अजून खाली, थेट काजूत. समोरून येताना जो पंख खाली दिसेल त्याच बाजूला स्टिक द्यायची हे आमच्या हाताला बसलेलं असतं. मग अवघड कुठलं, हे की सेसना? (सडा दाबोळी-मोप दोन्ही विमानतळांपासून लांब आहे, कुठे उडवता येतं ते डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर बघूनच जातो, उगाच सुरू होऊ नका.)

वास्कोचा_वारा
मामा, पोराला हसू नका. तुमचं पडलं की थर्माकोल नि गोंद. तो आत बसलेला असतो. इंधन, वजन कुठे किती, हवामान, रेडिओवर टॉवर, त्यात दाबोळी म्हणजे नेव्हीचा तळ, हे सगळं सांभाळत उडवायचं. स्टिक हलवणं त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

फोमवाला_फोंडा
पण त्याला एअरस्पीडचा काटा आहे ना! स्टॉल (पंखांची उचल तुटणं) जवळ आला की भोंगा वाजतो, बुडाखाली थरथर कळते. आम्हाला फक्त डोळे. दुपारी समुद्राकडून २० चा वारा आला की ४० ने उडणारं मॉडेल वाऱ्याबरोबर जाताना ६० ने पळताना दिसतं, माणूस घाबरून थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी करतो नि वळणातच स्टॉल. माझी दोन अशीच गेली, दुसरं तर नवंकोरं.

वास्कोचा_वारा
तो डोळ्यांचा घोळ मोठ्या विमानातही होतो, जमिनीजवळ वळताना, आणि तिथे माणसं गेलीयेत. शिवाय तुमच्या फोमीच्या (फोमचं मॉडेल) प्रोपेलरची ओढ तिच्या वजनापेक्षा जास्त, फुल थ्रॉटल मारलं की प्रोपेलरवर लटकून वर. सेसनात आधी नाक खाली घालावं लागतं, मग पॉवर, आणि तेवढी उंची हातात नसेल तर संपलं. ती तुमची सवय घेऊन भाचा कॉकपिटात बसला तर?

केप्याचा_मामा
हे मात्र खरं, थ्रॉटलची सवय वाईट, मलाच लागलीय. पण पायलट म्हणणं सोडत नाही मी. काल भाच्याचा फोन, सिम्युलेटर टाकलाय, समोरून येणारं विमान तीनदा आपटलं म्हणे. आणि कुणी त्या बाजूला काजू वेचायला गेलात तर नऊ इंची नारिंगी प्रोपेलर माझा आहे.